आधी पिठाची गिरणी

महापूर ओसरल्यावर कोणाचं दुकान आधी सुरू व्हायला हवं, हा प्रश्न मदत वाटणाऱ्या कोणाच्याही तोंडून मी ऐकला नाही. आम्हाला मात्र तो पहिल्याच आठवड्यात सोडवावा लागला. मी चिपळुणात विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. पंप, गिरण्या, मिक्सर, दळपाच्या चक्क्या, जे फिरतं ते सगळं माझ्याकडे येतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारपेठेत शिरल्या, आणि पाणी उतरल्यावर गावात फिरणारं असं काही उरलंच नव्हतं.

तो काळही आठवून बघा. कोरोनाची दुसरी लाट नुकती कुठे ओसरत होती. दुपारी चारला शटर खाली ओढायची सक्ती होती. वर्षभर तुंबलेला धंदा गणपतीत भरून निघेल, म्हणून व्यापाऱ्यांनी उधारीवर माल भरायला घेतला होता. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते. म्हणजे चिखलातून उठून चाकरमान्यांच्या स्वागताला उभं राहायला बाजाराकडे जेमतेम सात आठवडे होते.

माझ्या दारात मोटारींची रास लागली. पुरात बुडालेल्या मोटारीला लगेच वीज दिली की ती जळालीच म्हणून समजा. आधी ती खोलायची, रोटर बाहेर काढायचा, स्टेटरमधला गाळ गोड्या पाण्याने धुऊन काढायचा. मग सावकाश सुकवायची, मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, बेअरिंग बदलायचं, वॉर्निश द्यायचं. एवढं नीट केलं तर बरीच वाइंडिंग वाचतात आणि मालकाचा तांब्याचा खर्च टळतो. त्या वर्षी तांब्याचा भाव कडाडलेला होता, म्हणून हे फार महत्त्वाचं होतं. 2019 च्या पुरानंतर सांगलीच्या एका रिवाइंडरने मला हे सगळं फोनवर तपशिलात सांगितलं होतं. तेव्हा ते माझ्या कामी येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती, सुकवायची कशी? कोकणातला पावसाळा, ऊन नाही. बल्बच्या पेटीत एका वेळी दोन-तीन मोटारी मावतात, आणि विजेचाही भरवसा नव्हता. तेव्हा एक बेकरीवाला मदतीला आला. त्याची लाकडाची भट्टी गावाबाहेर उंचावर असल्यामुळे वाचली होती. पहाटेचे पाव निघाले की भट्टी कितीतरी तास तापलेली राहते. ती ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत उतरली की मोटार सुकवायला त्याहून चांगली जागा नाही. त्याने अट घातली, ती रास्तच होती: ‘‘स्वच्छ धुतलेलीच आण, आणि तुझे ट्रे वेगळे ठेव.’’ त्याला मैदा मिळत नव्हता, कारण त्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम पाण्यात गेलं होतं. एका किराणा दुकानदाराने कराडच्या आपल्या ओळखीवर मैदा उचलून दिला. टेम्पोवाला पाव घेऊन खाली बाजारात यायचा आणि परतताना माझ्या मोटारी वर न्यायचा. भाड्याचा हिशेब आम्ही तिघांनी गणपतीनंतर केला.

यातला एकही माणूस परोपकार करत नव्हता. मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी ऐकल्या की लोक लगेच ‘माणुसकीचं दर्शन’ म्हणतात. माणुसकी होतीच. पण बेकरीवाल्याला मैदा हवा होता, किराणावाल्याला गिऱ्हाईक परत हवं होतं, मला भट्टी हवी होती. एकाचं दुकान दुसऱ्याच्या दुकानावर उभं असतं, हे बाजारात बसणाऱ्याला शिकवावं लागत नाही. ते मदतीच्या नियमांत कुठेच दिसत नाही, हे माझं दुखणं आहे.

राशीतली कोणती मोटार आधी घ्यायची? जास्त पैसे द्यायला तयार असलेले लोक होते. एकाला बंगल्याच्या पंपासाठी दुप्पट द्यायचे होते. त्याच वेळी गिरणीवाल्या काकी आल्या. त्यांची दहा हॉर्सपॉवरची मोटार चिखलाने गच्च भरली होती. त्या म्हणाल्या, ‘‘पैसे मागाहून देईन रे, पण गिरणी आधी चालू कर. रेशनातून गहू मिळालेत लोकांना. ते काय भिजवून खायचे?’’ मदतीत गहू आले होते आणि दळायची सोय नव्हती. गावात पीठ नाही म्हणजे पोळीभाजीची केंद्रं बंद, खानावळी बंद, सफाईला आलेल्या माणसांचं जेवणही बाहेरून.

आम्ही दोघा-तिघा कारागिरांनी तेव्हा ठरवून टाकलं: पहिल्यांदा गिरण्या, मग पाण्याचे पंप, मग बेकरी आणि खानावळींची यंत्रं, घरचे मिक्सर शेवटी. काही गिऱ्हाइकं रागावली, एक-दोन कायमची गेली. काकींच्या जात्याचे दगड भिजले होते. ते सुकवून टाकी लावायला दुसऱ्या गिरणीचा कारागीर आला, जो एरवी त्यांचा स्पर्धक. त्याची मोटार माझ्याकडे पुढच्याच नंबरावर होती. गिरणी फिरली, आणि तिच्या मागे किती चुली पेटल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

सरकारी मदत आली, ती नाकारत नाही. दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार, टपरीवाल्याला 10 हजार. पण पंचनामा एकेका गाळ्याचा होतो, त्या गाळ्यावर आणखी कितीजण अवलंबून आहेत हे त्यात येत नाही. गिरणी आणि शोभेच्या वस्तूंचं दुकान एकाच कागदावर, एकाच रांगेत. विम्याकडे जावं तर मालाची बिलं मागतात, आणि बिलं मालाबरोबरच लगदा झालेली. माझ्या मते मदतीचा पहिला हप्ता ठरवून द्यायला हवा: गिरणी, बेकरी, औषधाचं दुकान, दुरुस्तीचे कारखाने, गॅस शेगडीवाला. ज्याच्या सुरू होण्याने दहाजण सुरू होतात, त्याला आधी. बाकीच्यांचं नुकसान कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यांचीही दुकानं त्यामुळे लवकर उघडतात.

मदतीच्या किटांबद्दलही बोलायला हवं, थोडं कटू वाटलं तरी. पहिल्या आठवड्यात बाहेरून आलेल्या तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, चादरी यांनी गाव जगवलं. महाराष्ट्रभरातून लोक धावून आले, ते ऋण आहे. पण ऑगस्ट संपत आला तरी ट्रक येत राहिले, आणि तोवर आमच्या किराणावाल्यांनी घाऊक व्यापाऱ्यांच्या पाया पडून नवा माल उधारीवर भरला होता. फुकट साखर घरात असताना दुकानात कोण जाणार? किटांवर खर्च होणारी रक्कम कुपनांच्या रूपाने द्या, गावातल्या दुकानातच चालणारी. गरजूला हवं ते मिळेल, दुकानदाराची उधारी फिटेल, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या पोराचा पगारही निघेल. देणाऱ्या संस्थांना फोटोसाठी ट्रक लागत असेल, तर तो दुकानासमोर उभा करून काढावा.

बाजाराने एकत्र येऊन काय होतं हे चिपळूणने त्याच वर्षी डिसेंबरमध्येही दाखवलं. चिपळूण बचाव समितीच्या साखळी उपोषणात व्यापारी आणि सामान्य नागरिक आळीपाळीने बसले, नदीतला गाळ काढा आणि पूररेषेचा फेरविचार करा म्हणून. त्यानंतर गाळ उपसायचं काम मार्गी लागलं. एकेकट्या दुकानदाराने निवेदनं देऊन ते झालं नसतं.

माझी मागणी याहून लहान आहे. नदीकाठच्या प्रत्येक बाजारपेठेत, लाल पूररेषेच्या वर, म्हणजे मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा उंच जागी, व्यापारी संघटनेच्या ताब्यात एक खोली असावी. तिच्यात दोन जनरेटर, उच्च दाबाची पाण्याची दोन यंत्रं, एक सुकवणीची पेटी, मेगर, बेअरिंगचा साठा आणि तांब्याच्या तारेची काही रिळं. किल्ली एका कारागिराकडे, हिशेब संघटनेकडे. कोणाची यंत्रं आधी घ्यायची याची यादी पावसाळ्याआधीच बैठकीत ठरवावी आणि खोलीच्या दारावर लावावी, म्हणजे पाणी उतरल्यावर दुप्पट पैसे दाखवणाऱ्याशी वाद घालावा लागणार नाही. जागा नगर परिषदेने द्यावी, सामानाला आम्ही वर्गणी काढू. माझ्याकडचा जुना मेगर मी आजच द्यायला तयार आहे.