उतारवयात राहायचे कोठे? परदेशस्थ मराठी कुटुंबांपुढील प्रश्न आणि काशीचा अनुभव

वाराणसी : गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेलेली भारतीयांची पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. पुढील आयुष्य तेथेच काढायचे की मायदेशी परतायचे, हा प्रश्न पुणे, मुंबई, नागपूरपासून न्यू जर्सी आणि लंडनपर्यंतच्या अनेक मराठी घरांत चर्चिला जात आहे. त्याची दुसरी बाजू भारतात आहे. मुले परदेशी स्थायिक झालेल्या आई-वडिलांनाही मुलांकडे जायचे की आपल्याच घरी राहायचे, हे ठरवावे लागत आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य आकडेवारीतून दिसते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२०, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ व्यक्तींनी भारतीय नागरिकत्व सोडले. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या २०२२ मध्ये सुमारे १४.९ कोटी होती आणि २०५० पर्यंत ती सुमारे ३४.७ कोटींवर जाईल. मुले दूर जात असतानाच घरातील वृद्धांची संख्या वाढत आहे.

हा निर्णय बहुधा भावनेच्या किंवा खर्चाच्या अंगाने मांडला जातो. मायदेशाची ओढ एका पारड्यात आणि परदेशातील सोयी दुसऱ्या पारड्यात, अशी ही मांडणी असते. मात्र उतारवयात आपला मुलूख सोडून दूर राहण्याची भारतातील सर्वांत जुनी परंपरा ज्या शहरात रुजली, त्या वाराणसीचा अनुभव वेगळा मुद्दा पुढे आणतो. अखेरच्या, परावलंबी वर्षांत देखभाल कोण करणार आणि त्यासाठी पैसा कोणत्या वाटेने येत राहणार, यावर या निर्णयाचे यशापयश अवलंबून असते.

काशीवासाच्या तीन पायऱ्या

अठराव्या शतकातील मराठी माणसासाठी काशी हा एका अर्थी परदेशच होता. प्रवासाला महिने लागत. भाषा वेगळी होती आणि सत्ताही परकी होती. बनारसचा प्रदेश १७७५ पर्यंत अवधच्या नवाबांच्या आधिपत्याखाली होता. त्यानंतर तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तरीही संसारातून मोकळे झालेले स्त्री-पुरुष काशीला येऊन राहत. येथे देह ठेवल्यास मुक्ती मिळते, ही श्रद्धा त्यामागे होती.

या परंपरेत तीन पायऱ्या स्पष्टपणे वेगळ्या मानल्या जात. पहिली काशीयात्रा, ती करून माणूस घरी परतत असे. दुसरी काशीवास, म्हणजे दीर्घकाळ येथे राहणे. परंतु परतीचा मार्ग खुला असे. तिसरी क्षेत्रसंन्यास, त्यात काशीची सीमा पुन्हा न ओलांडण्याचे व्रत घेतले जाई. ज्या निर्णयातून माघार नाही, तो सर्वांत शेवटी घ्यायचा, असा क्रम या व्यवस्थेत दिसतो.

ही व्यवस्था केवळ श्रद्धेवर उभी नव्हती. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट घराण्यासारखी विद्वान कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या स्थिरावली. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातील होते. अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये विश्वनाथ मंदिराची उभारणी पूर्ण केली. पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या आश्रयाने घाट, वाडे आणि अन्नछत्रे उभी राहिली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी वस्ती वाढली. सावकारांच्या हुंडीने गावाकडचा पैसा येथे पोहोचत असे. अन्न, निवारा, पैसा आणि आपल्या भाषेतील माणसे या चारही गोष्टींची तरतूद असल्यामुळे दूरच्या मुलखातील वार्धक्य सुसह्य होत असे.

राजकीय परिस्थितीमुळे आलेल्यांनाही याच व्यवस्थेचा आधार मिळाला. कंपनीकडून तनखा घेणारे अमृतराव पेशवे यांचे वास्तव्य काशीशी जोडलेले राहिले. पेशवाईच्या अस्तानंतर दुसरे चिमाजी आप्पा येथे आले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांच्या घरी मणिकर्णिकेचा, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा, जन्म याच शहरात झाला.

व्यवस्था तुटल्यानंतर

या परंपरेची काळी बाजूही काशीने पाहिली आहे. बंगालसह देशाच्या अनेक भागांतून विधवांना येथे आणून ठेवले जाई. त्यांपैकी अनेकींच्या बाबतीत निर्णय कुटुंबाचा असे, त्यांचा नसे. घरून येणारी रक्कम काही वर्षे येई, मग आटत जाई आणि अखेर थांबे. त्यानंतर त्या स्त्रिया भजनाश्रम, अन्नछत्र किंवा भिक्षेवर जगत. पैसा पाठवण्याचे बंधन केवळ नात्याच्या भरवशावर सोडले, तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. आज वृद्धांची पूर्वीप्रमाणे पाठवणी होत नसली, तरी मुले दूर देशी आणि आई-वडील रोजच्या मदतीसाठी परक्यांवर अवलंबून, ही स्थिती त्याच्याशी नाते सांगणारी आहे.

शहरातील काशी लाभ मुक्ती भवन ही १९५८ पासूनची संस्था केवळ मरणासन्न व्यक्तींसाठी आहे आणि तेथील मुक्कामाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची मानली जाते. अस्सी भागातील मुमुक्षु भवनात मात्र वृद्ध दीर्घकाळ राहतात. अखेरचे काही दिवस आणि अखेरची काही वर्षे यांच्या गरजा वेगळ्या असतात, हे या दोन संस्थांच्या रचनेतून लक्षात येते. परतण्याचा विचार करणारी अनेक कुटुंबे अखेरच्या दिवसांचा विचार करतात. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांचे नियोजन राहून जाते.

पेन्शन येते, उपचार येत नाहीत

परदेशात नोकरी केलेल्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न पैशाचा आहे. अमेरिकेत साधारण दहा वर्षांचे योगदान पूर्ण केलेल्यांना तेथील सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो आणि अमेरिकी नागरिकाला ते भारतात राहूनही घेता येते. मात्र ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही आरोग्य विमा योजना सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन भारतात मिळते. परंतु भारतात राहणाऱ्यांसाठी त्यात दरवर्षीची वाढ लागू होत नाही. निवृत्त व्यक्ती साठीत परतली आणि नव्वदीपर्यंत जगली, तर महागाईने त्या रकमेचे मोल किती उरेल, हा हिशेब आधीच करावा लागतो.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जपान यांसारख्या देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. भारतीयांची सर्वाधिक ओढ असलेल्या अमेरिकेशी मात्र असा करार झालेला नाही. त्यामुळे दहा वर्षे पूर्ण होण्याआधी परतणाऱ्यांनी तेथे भरलेली रक्कम बहुधा वाया जाते.

भारतात आल्यानंतरचा मोठा खर्च उपचारांचा असतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून नव्या आरोग्य विम्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. त्यामुळे दार उघडले आहे. तरीही पासष्टीनंतर विमा घेणाऱ्याला हप्ता जड जातो आणि पहिली तीन वर्षे जुन्या आजारांच्या बाबतीत स्वतःच्या पैशावर काढावी लागू शकतात. परतण्याचा विचार असलेल्यांनी विमा परतण्याच्या वर्षी नव्हे, तर काही वर्षे आधी घेणे हिताचे ठरते.

मोठ्या महानगरांबाहेरील उपचारसुविधा पूर्वीइतक्या तोकड्या राहिलेल्या नाहीत. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे आणि विद्यापीठाच्या आवारात टाटा स्मारक केंद्राच्या अखत्यारीतील कर्करोग केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. मात्र रुग्णालय जवळ असणे आणि रोज औषध देणारा, आंघोळ घालणारा माणूस मिळणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘महारेरा’नेही २०२४ मध्ये रुंद दरवाजे, उतरंडी, लिफ्ट अशा बाबींचे निकष जाहीर केले. या निकषांचा भर इमारतीवर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची वर्षानुवर्षे शुश्रूषा कोण आणि कोणत्या दर्जाने करणार, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

मुलांकडे जाण्याची वाट अरुंद

आई-वडिलांनी मुलांकडे जावे, हा पर्याय बोलण्यात सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्याला व्हिसाच्या नियमांची कुंपणे आहेत. ब्रिटनने २०१२ पासून प्रौढ अवलंबितांसाठीचे नियम इतके कडक केले की, दीर्घकालीन शारीरिक देखभालीची गरज आहे आणि ती मायदेशी उपलब्ध होऊ शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. कॅनडाने पालकांच्या कायम वास्तव्याच्या योजनेसाठी २०२० मध्ये नोंदलेल्या इच्छुकांमधूनच पुढील वर्षांत निवड केली. तेथील सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र वैद्यकीय विमा स्वतःचा असावा लागतो. ऑस्ट्रेलियात पालक व्हिसाची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबते.

अमेरिकेचा नियम तुलनेने उदार आहे. २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिकाला आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो आणि त्यावर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. परंतु पुरेसे योगदान नसलेल्या पालकांना पैसे भरून मेडिकेअर घ्यायचे, तरी आधी सलग पाच वर्षे तेथे वास्तव्य लागते. शिवाय ग्रीन कार्डधारक परवानगीविना वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याने तेथील वास्तव्य सोडल्याचे मानले जाऊ शकते. सहा महिने तेथे आणि सहा महिने येथे, ही अनेक मराठी आई-वडिलांनी स्वीकारलेली पद्धत प्रकृती साथ देते तोवरच चालते. मोठ्या आजारपणानंतर विमान प्रवासच थांबतो आणि माणूस ज्या देशात असेल, तेथेच राहतो. तो निर्णय मग आजार घेतो.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो

आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. तो परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या अपत्याचा त्या तरतुदीत उल्लेख नाही. निर्वाहाची रक्कम कायद्यात महिना १० हजार रुपयांपर्यंत मर्यादित आहे. त्यापेक्षा उपयुक्त ठरणारी तरतूद कलम २३ मधील आहे. देखभालीच्या अटीवर मालमत्ता हस्तांतरित केली आणि अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. त्यासाठी अट दस्तात स्पष्टपणे लिहिलेली असणे वृद्धाच्या हिताचे असते. घर मुलाच्या नावावर करण्याची घाई करणारी अनेक कुटुंबे हे विसरतात.

नागरिकत्वाचा प्रश्नही असाच पायऱ्यांनी पाहता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला ओसीआय कार्डावर भारतात आजीवन राहता येते; परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाली असतील आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर नागरिकत्व कायद्यानुसार पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भेट, ओसीआयवर वास्तव्य आणि अखेर नागरिकत्व हा क्रम काशीयात्रा, काशीवास आणि क्षेत्रसंन्यास या जुन्या क्रमाशी जुळणारा आहे.

मायदेशी राहणे पुरेसे आहे का?

वाराणसीने मायभूमी न सोडणाऱ्याचेही मोठे उदाहरण देशापुढे ठेवले. अमेरिकेत स्थायिक होण्याच्या प्रस्तावाला आपण गंगेसाठी आणि बनारससाठी नकार दिला, असे शहनाईवादक उस्ताद बिस्मिल्ला खाँ मुलाखतींतून सांगत. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २१ ऑगस्ट २००६ रोजी त्यांनी याच शहरात अखेरचा श्वास घेतला. मात्र मोठ्या कुटुंबाचा भार आणि आर्थिक ओढाताण अखेरच्या वर्षांतही त्यांच्यामागे होती. मायभूमीवरील प्रेमाने निर्णय योग्य ठरतो, पण औषधपाण्याची तरतूद वेगळी करावी लागते.

‘प्रवासी भारतीय दिवसा’चे संमेलन जानेवारी २०१९ मध्ये वाराणसीत भरले, तेव्हा परदेशस्थ भारतीयांच्या भांडवलाचे आणि कौशल्याचे स्वागत झाले. त्यांच्या वार्धक्याबाबतची धोरणे अद्याप तितकी स्पष्ट नाहीत. अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करार, घरपोच शुश्रूषा सेवेसाठी नोंदणी आणि दर्जाचे निकष, तसेच परदेशी नागरिक झालेल्या अपत्यांकडून निर्वाह मिळवण्याची व्यवहार्य पद्धत, या तीन बाबी सरकारच्या हाती आहेत.

कुटुंबांच्या हाती वेळ आहे, आणि तो मर्यादित आहे. हातपाय चालत असताना सलग सहा महिने किंवा वर्षभर निवडलेल्या ठिकाणी, तेथील उन्हाळा आणि पावसाळ्यासह राहून पाहणे. विमा, मृत्युपत्र आणि वैद्यकीय निर्णयांचे अधिकार यांची कागदपत्रे पूर्ण करणे. पती-पत्नीपैकी एक मागे राहिल्यास काय, हे दोघांनी मिळून ठरवणे. आणि परदेशातील घर विकणे वा हक्क सोडणे यांसारखी न फिरणारी पावले अखेरीस टाकणे, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो. हे सारे साठीत करता येते. ऐंशीत रुग्णालयातून घरी आल्यानंतर त्यातील बहुतेक निर्णय दुसऱ्यांनाच घ्यावे लागतात.