कुरकुरीत टोफू, गोड-तिखट सॉस

डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितल्यापासून अब्बा दस्तरखानावर गप्प गप्प बसू लागले. म्हणून आम्ही टोफू आणला. सोयाबीनच्या दुधाचा, प्रथिनं भरपूर. पहिल्या दिवशी तो कढईत फुटला आणि लिबलिबीत झाला. अब्बांनी विचारलं, "या पनीरची तब्येत बरी नाही का?" चूक आमचीच. टोफूतलं पाणी काढलंच नव्हतं.

आता आम्ही २०० ग्रॅम घट्ट टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर जड तवा ठेवतो. २० मिनिटांनी चौकोनी तुकडे करून त्यांना मिरपूड आणि ३ चमचे कॉर्नफ्लोअर लावतो. तवाभर थोड्या तेलात तुकडे सुटे सुटे ठेवून सगळ्या बाजूंनी सोनेरी तळतो.

सॉससाठी चमचाभर तेलात ६ पाकळ्या ठेचलेला लसूण परता. १ चमचा लाल तिखट, २ चमचे सोया सॉस, १ चमचा व्हिनेगर, २ चमचे किसलेला गूळ आणि पाव वाटी पाणी घालून दाट होईपर्यंत उकळा. वरून मीठ नको, सोया सॉस खारटच असतो. ज्यांना मीठ कमी सांगितलंय, त्यांच्यासाठी तो निम्माच घाला. बाटलीवरचे घटकही वाचा. काही सॉसमध्ये अल्कोहोल घातलेलं असतं.

सगळे जेवायला बसले की मगच टोफू सॉसमध्ये घोळवा, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. परवा अब्बांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतला. आम्ही काहीच बोललो नाही, फक्त ताटली पुढे सरकवली.