चौरस फूट वाढले, उजेड कोठें गेला?

मुंबईच्या वरळी भागांतील बी. डी. डी. चाळींच्या रहिवाशांपैकीं पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १९२० सालीं निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांच्या वांट्यास ५०० चौरस फुटांचें घर आणि स्वतःचा संडास यावा, ही कोणाही सहृदय माणसास संतोष देणारी गोष्ट आहे. या संतोषांत मिठाचा खडा टाकण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु मुंबई, ठाणें, पुणें इत्यादि शहरांत गल्लोगल्लीं जुनीं घरें पाडून नवीं उभीं राहत असतां, त्या घरांची रचना कशी होते व ती कोण ठरवितो, याविषयीं चार शब्द स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. इमारत एकदां उभी राहिली म्हणजे पन्नास वर्षें तिची चूक दुरुस्त होत नाहीं.

पुनर्विकासाचा ठराव ज्या सभांत मंजूर होतो, त्या सभांतील चर्चा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. वाढीव चौरस फूट किती, बांधकाम चालू असेपर्यंत भाडें किती, कॉर्पस किती व मोटारीस जागा किती, या चार प्रश्नांवर दोन दोन तास वाद माजतो. व्यापारांत मुरलेले गृहस्थ एकेका चौरस फुटासाठीं बिल्डरशीं घासाघीस करतात, आणि तें योग्यच आहे. पण स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूस उघडेल, समोरची भिंत किती हातांवर येईल, तळच्या मजल्यावर ऊन पोंचेल किंवा नाहीं, हे प्रश्न विचारणारा सभासद विरळा. नकाशा येतो तो बहुधा सह्या झाल्यावर. कापड घेतांना वार मोजावे आणि पोत पाहूं नये, असा हा व्यवहार आहे.

उजेड आणि हवा हा श्रीमंतांचा षोक नव्हे, हें मुंबईस फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला आणि दाट वस्तींतील अंधाऱ्या खोल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ सालच्या कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनें गरिबांचीं घरें जितकीं पाडलीं तितकीं बांधलीं नाहींत, हा त्याच्यावरील दोष खरा आहे व तो झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं घराच्या उजेडाचें एक सोपें माप आग्रहानें पुढें मांडलें. खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून वर काढलेल्या साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेवर समोरच्या इमारतीनें चढूं नये, असें तें माप होतें. भूमितीच्या भाषेंत याचा अर्थ असा कीं, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी जागा मध्यें मोकळी पाहिजे. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट. शाळेंतील मुलासही हें गणित करतां येईल.

आतां हेंच गणित गोवंडीस लावून पाहूं. रस्ते व रेल्वे यांच्या कामांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांच्यासाठीं तेथें नटवर पारेख कंपाउंड ही वसाहत उभारली गेली. तळमजला व वर सात मजले अशा तेथील इमारती सुमारें तीन मीटरांच्या अंतरावर उभ्या आहेत. आठ थरांच्या या इमारतींची उंची बावीस-तेवीस मीटर धरली, तर जुन्या मापानें मध्यें अकरा मीटर तरी जागा हवी होती. तेथील घरांत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेची पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत नटवर पारेख व लल्लूभाई या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच, पण अधिक मोकळ्या अशा पी. एम. जी. पी. वसाहतीशीं केली असतां, पहिल्या दोन ठिकाणीं क्षयाचें प्रमाण कितीतरी पटींनीं अधिक आढळलें. खालच्या मजल्यांवर, जेथें ऊन पोंचत नाहीं तेथें, रोगाचा जोर विशेष दिसला. दारिद्र्य दोहोंकडे होतें. फरक होता तो दोन भिंतींमधल्या अंतराचा. झोपडी गेली, पक्कें घर मिळालें, आणि त्या घरानें क्षय दिला, याला पुनर्वसन कसें म्हणावें?

हें गरिबांपुरतेंच आहे, असें समजून मध्यमवर्गानें निश्चिंत राहूं नये. विकास-नियमांत इमारतीच्या उंचीप्रमाणें मोकळी जागा सोडण्याचें बंधन आहे. पण त्याच नियमांत ती त्रूट अधिमूल्य भरून माफ करून घेण्याची सोयही आहे, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांस तर आणखी सवलती आहेत. येथें आम्ही कायद्याच्या दृष्टीनें एक प्रश्न विचारतों. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमानें, वीस वर्षें निर्वेध उपभोगलेला खिडकीचा उजेड व हवा हा मालकाचा हक्क ठरतो, आणि शेजाऱ्यास तो मनमानीनें बुडवितां येत नाहीं. म्हणजे उजेड ही कायद्यानें ओळखलेली मिळकत आहे. असें असतां मोकळ्या जागेची त्रूट माफ होते तेव्हां उजेड जातो तो खालच्या मजल्यावरील रहिवाशाचा, आणि त्याची किंमत जमा होते ती सरकारी तिजोरींत! नुकसान एकाचें व भरपाई दुसऱ्यास, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? परकी अंमलांतील एका ट्रस्टनें जें माप सांगितलें, तें स्वराज्यांत पैसे भरून मोडतां यावें, याची आम्हांस लाज वाटली पाहिजे.

नियम घराला कसा आकार देतात याचें दुसरें उदाहरण सज्जाचें. मुंबईंत पूर्वीं सज्जा चटईक्षेत्राच्या मोजणींतून वगळलेला असे, म्हणून तो नकाशांत येई. मग कुटुंब वाढलें म्हणजे तो काचा लावून खोलींत ओढला जाई. हा गैरप्रकार थांबविण्यासाठीं जानेवारी २०१२ मध्यें सज्जे, फुलझाडांचे कट्टे वगैरे सर्व मोजणींत धरले गेले व त्याबदल्यांत राहत्या घरांस ३५ टक्के जादा क्षेत्र देण्यांत आलें. हेतु चांगला होता. पण मोजावयाचेंच तर सज्जा कशास, त्यापेक्षां खोलीच मोठी करावी, असा हिशेब बिल्डरांनीं केला, आणि पुष्कळ नव्या घरांतून सज्जा नाहींसा झाला. ऊन आणि पाऊस अडविणारी, सायंकाळीं वारा देणारी ती हातभर जागा गेली. तिच्या ठिकाणीं काच आली, आणि काचेमागें वातानुकूल यंत्र व त्याचें विजेचें बिल आलें.

आपल्या हवेंत उंच घर बांधूनही हें टाळतां येतें. चार्ल्स कोरिया यांचें मुंबईंतील कांचनजंगा हें घर १९८३ सालीं पुरें झालें. पश्चिमेस समुद्राचा वारा, पण तिकडूनच दुपारचें ऊन व पावसाची झोड. या पेंचावर त्यांनीं जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ति योजिली, आणि राहत्या खोल्या आंत घेऊन बाहेरच्या बाजूस दुप्पट उंचीचे बागेचे सज्जे ठेवले. तें घर धनिकांचें आहे हें खरें. पण वाऱ्याची दिशा पाहून भिंत घालावी, या अकलेला पैसे पडत नाहींत.

जुन्या रचनेचे आम्ही आंधळे भक्त नाहीं. वाड्याचा चौक उजेड देई, पण माजघर अंधारें असे, आणि घरच्या स्त्रियांचा जन्म त्या अंधारांत व चुलीच्या धुरांत जाई. दुःखाची गोष्ट ही कीं, नव्या घरानेंही तीच वाट धरली आहे. दिवाणखान्यास मोठी खिडकी, कारण तो पाहुण्यांनीं पाहावयाचा. स्वयंपाकघर मात्र नळ व मोऱ्यांच्या अरुंद डक्टकडे तोंड करून. जी व्यक्ति घरांत सर्वांत अधिक वेळ उभी असते, तिच्या वांट्यास सर्वांत कमी उजेड! सभेंत सही करणारे बहुधा पुरुष असतात. त्यांनीं सहीपूर्वीं नकाशा घरीं नेऊन दाखविला, तर पहिला आक्षेप याच खोलीवर येईल, अशी आमची खात्री आहे.

नवीं घरें सोडून जुन्या घरांच्या डागडुजीकडे वळलें, तरी हाच अविचार दिसतो. खोली मोठी करण्यासाठीं भिंत काढावी, तळमजल्यावर दुकान रुंद करण्यासाठीं खांबास हात घालावा, आणि सल्ला घ्यावा तो रंगाऱ्याचा. घाटकोपर येथें २५ जुलै २०१७ रोजीं सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसें प्राणांस मुकलीं. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांस धक्का लावल्याचा आरोप त्या वेळीं झाला होता. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या ३५३ ब कलमान्वयें तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घेणें बंधनकारक आहे. तिचें पत्र कपाटांत ठेवण्यासाठीं नव्हे. आपल्या घरांतील खांब हा आपला एकट्याचा नसून वरच्या सर्व कुटुंबांचा आहे, हें प्रत्येक घरमालकानें ध्यानांत ठेवावें.

यावर बिल्डर म्हणतील कीं, अंतर वाढविलें तर विकावयाचीं घरें कमी होतील व योजना परवडणार नाहीं. चाळीस मजल्यांस जुनें माप अक्षरशः लावतां येत नाहीं, हें आम्हांसही कळतें. पण इमारती कोणत्या दिशेस तोंड करून उभ्या कराव्या, त्या एकमेकींच्या समोर न येतां तिरप्या कशा ठेवाव्या, यांत पुष्कळ कांहीं करतां येतें. तेवढ्यानेंही जी योजना खालच्या मजल्यास ऊन देऊं शकत नाहीं, ती मुळांतच अतिलोभाची समजावी.

सभासदांच्या हातीं साधन नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ७९ अ कलमाखालीं जुलै २०१९ मध्यें निघालेल्या आदेशाप्रमाणें बिल्डरची निवड सर्वसाधारण सभेंतच व्हावयाची असते, आणि आपला वास्तुतज्ज्ञ संस्थेनें स्वतः नेमावयाचा असतो. या अधिकाराचा उपयोग करावा. वास्तुतज्ज्ञ बिल्डरनें सुचविलेला नसावा. करारावर सही होण्यापूर्वीं नकाशा व इमारतीचा उभा छेद सभेपुढें मराठींत समजावून सांगितला जावा. सर्वांत खालच्या घरांत डिसेंबर महिन्यांत ऊन किती वेळ येईल, याचें लेखी उत्तर घ्यावें. स्वयंपाकघराची खिडकी कशाकडे उघडते हें कराराच्या परिशिष्टांत लिहून घ्यावें. आणि मोकळ्या जागेची त्रूट माफ करून घेण्याचा अर्ज सभेच्या ठरावावांचून करणार नाहीं, असें बिल्डरकडून कबूल करून घ्यावें.

सरकारास आमचें सांगणें एवढेंच कीं, उजेड हा विकण्याचा माल नव्हे. ज्या सवलतीनें राहत्या खोलीचें ऊन जातें, ती सवलत कोणत्याही किंमतीस देऊं नये. आणि गोवंडीच्या पाहणीनंतर पुनर्वसनाच्या घरांस कमी अंतर चालतें असें म्हणणाऱ्या अधिकाऱ्यानें त्या घरांच्या तळमजल्यावर एक पावसाळा काढून मग आपलें मत द्यावें.