याला लिलाव म्हणू नका

यंदाच्या गणेशोत्सवात जबलपूरच्या आम्हा मराठी मंडळींसमोर एका वक्त्यांचं भाषण झालं. विषय ऑनलाइन बाजाराचा होता. बोलता बोलता ते पैसे भरून बोली लावायच्या संकेतस्थळांवर आले आणि म्हणाले, "या लिलावांत पैसे गेले म्हणून रडणारे लोक मुळात हावरे. दोनशे रुपयांत सोन्याचं नाणं घ्यायला निघाले होते. आणि सराफ्यात राहणाऱ्यांनी तरी लिलावाला नावं ठेवू नयेत." सभेत हशा पिकला.

मी सराफ्यात राहतो. कमानिया गेटपासून हाकेच्या अंतरावर आमची गलाईची भट्टी आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली, त्यांतलेच माझे वडील. त्या दिवशी सभेत तिसऱ्या रांगेत माझा भाचा बसला होता, शेजारी त्याची शाळकरी मुलगी. सगळे हसले तेव्हा त्याने मान खाली घातली. मी तिथे उठून बोललो नाही, ते आता लिहितो आहे.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लिलाव हा जुनाच प्रकार, यांनी तो फक्त संगणकावर आणला. बोलीला पैसे पडतात हे अटींत लिहिलेलं असतं. काही लोक जिंकतातच की. हरले त्यांची करमणूक झाली, सिनेमाचं तिकीट काढलं समजा. आणि शेवटी, जाणत्या माणसाने स्वतःच्या खिशातले पैसे कुठे घालावेत हे दुसऱ्याने का सांगावं? ही सगळी वाक्यं ऐकायला ठाकठीक आहेत. आमच्या दुकानातल्या त्या रात्री मी पाहिल्या नसत्या, तर मीही कदाचित मान डोलावली असती.

2012चा पावसाळा होता. लग्नसराई संपलेली, भट्टीला काम कमी. भाचा तेव्हा एकवीस वर्षांचा, माझ्याकडे महिना सहा हजारांवर होता. रात्री दुकान वाढवल्यावर तो बिलाच्या कॉम्प्युटरला डोंगल लावून बसायचा. एका संकेतस्थळावर दोन ग्रॅमचं सोन्याचं नाणं लावलेलं होतं. तेव्हाच्या भावाने त्याची किंमत सहा हजारांच्या आसपास. बोली शून्यापासून सुरू. एका बोलीने किंमत दहा पैशांनी वाढायची आणि ती बोली लावायला दहा रुपये पडायचे. हे दहा रुपये आधीच भरून बोलींची थैली विकत घ्यायची. शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पंधरा सेकंदांवर जायचं. समोर कुणीच बोललं नाही, घड्याळ शून्यावर आलं, की शेवटच्या बोलीवाल्याला नाणं.

तिसऱ्या रात्री मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर चौदा, तेरा, बारा असे आकडे उतरत होते. चारवर आले की तो बटण दाबायचा. परत पंधरा. मग दुसरं कुणीतरी दाबायचं. परत पंधरा. मी म्हटलं, "किती गेले रे?" तो वळून न बघता म्हणाला, "मामा, तीन हजार गेलेत. आता सोडलं तर समदं पाण्यात जाईल की. थोडं थांबा, पलीकडचा दमलाय."

पलीकडचा दमला नाही. भाच्याच्या 480 बोली संपल्या, म्हणजे 4,800 रुपये. नाणं 187 रुपये 40 पैशांना गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या संकेतस्थळाने ते मोठ्या अक्षरांत मिरवलं: सोन्याचं नाणं फक्त 187 रुपयांत!

त्या सकाळी मी वहीत हिशोब मांडला. 187 रुपये 40 पैसे, दर बोलीला दहा पैसे, म्हणजे 1,874 बोली झाल्या. दर बोलीचे दहा रुपये, म्हणजे 18,740 रुपये चालवणाऱ्याच्या गल्ल्यात. सहा हजारांच्या नाण्यावर जवळपास एकोणीस हजार. हे नाणं 187 रुपयांना विकलंच गेलं नव्हतं. ते एकोणीस हजारांना विकलं गेलं होतं, फक्त किंमत अनेकांनी मिळून भरली आणि नाणं एकाला मिळालं. ही वही मी अजून ठेवली आहे.

आता वक्त्यांचा पहिला मुद्दा, हा जुनाच लिलाव आहे हा. माझा सगळा राग इथेच आहे.

लिलाव हा शब्द पोर्तुगिजांच्या लेलांवपासून आपल्याकडे आला. आपण त्याचा लिलाव केला, इथे सराफ्यात हिंदीत तो नीलाम झाला. घरात लिलाव आणि दुकानात नीलाम, असे दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. दोन्हींचा अर्थ एकच होता: वस्तू सगळ्यांसमोर, बोली तोंडी आणि फुकट, पैसे फक्त घेणाऱ्याचे.

आमच्याकडे दर दिवाळीआधी मातीचा लिलाव होतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. वर्षभर भट्टीभोवती जी राख पडते, जमीन झाडून जी धूळ निघते, फुटलेल्या मुशी, हात धुतलेल्या टाकीचा गाळ, ते सगळं आम्ही पोत्यांत भरून ठेवतो. त्यात सोन्याचांदीचे कण असतात. ती माती घ्यायला न्यारिये येतात, ज्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. पोतं उघडलं की झारेकरी कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठभर माती वानगी म्हणून काढतो, परातीत पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवतो. हलकी राख वाहून जाते, तळाशी काळपट गाळाची एक रेघ उरते. ती रेघ तो उजेडाकडे धरून बघतो. तीन-चार जण असं बघतात, मग बोली. एकाला माती मिळते. बाकीचे चहा पितात आणि कंबरेला बांधलेल्या पैशांची गाठ न सोडता घरी जातात. परात फिरवायचे पैसे कुणी घेत नाही. बोली लावायचे तर नाहीच नाही. बोली लावल्याबद्दल माझ्या वडिलांनी कुणाकडे चार आणे मागितले असते, तर दुसऱ्या दिवशी सराफ्यात त्यांना कुणी उभं केलं नसतं.

कायद्यानेही हेच धरलेलं आहे. 1930च्या माल विक्री कायद्याचं 64वं कलम लिलावाबद्दल आहे. हातोडा पडेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते, असं ते सांगतं. भाच्याला कुठली बोली मागे घेता येत होती? बटण दाबलं त्या क्षणी दहा रुपये गेलेले. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. विकणाऱ्याने बोली लावायचा हक्क आधी जाहीर करून राखला नसेल तर त्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावता येत नाही, आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला तो व्यवहार मोडता येतो. सोनेतारणातले दागिने लिलावात निघतात, तिथे कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने स्वतः बोली लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनेही बजावलेलं आहे. कारण उघड आहे. ज्याला भाव चढण्यात फायदा, त्याने बोलीत उतरलं की लिलाव संपतो. संकेतस्थळावर समोर नुसतं एक टोपणनाव दिसतं. पलीकडे माणूस आहे की चालवणाऱ्याचा प्रोग्रॅम, हे भाच्याने कसं ओळखायचं? माझ्या मातीच्या लिलावात झारेकऱ्याला बाकीच्यांचे चेहरे दिसतात, नुसते चेहरे नाही, त्यांची घरं माहीत असतात.

लासलगावला कांद्याचा लिलाव होतो, बोली उघड लागते, भाव पटला नाही तर शेतकरी माल देत नाही. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून हत्ता चालायचा, तोही वाईटच, लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पण हत्त्यातसुद्धा रुमालाखाली बोट धरायचे पैसे पडत नव्हते. भिशीचा लिलाव घ्या. गरजू माणूस जास्त तूट सोसून रक्कम उचलतो आणि ती तूट बाकीच्यांत वाटली जाते. म्हणजे तिथे बोलीत मागे राहिलेल्याच्या पदरात चार पैसे पडतात. बोलीत हरणाऱ्याकडून पैसे घ्यायचा प्रकार या कुठल्याच लिलावात नाही.

अर्थशास्त्रात हा खेळ ठाऊक आहे. मार्टिन शुबिक यांनी 1971 साली एक डॉलरच्या लिलावाचं उदाहरण मांडलं. जिंकणाऱ्याने पैसे भरायचे, पण दुसऱ्या नंबरच्यानेही आपली बोली भरायची. मग दुसरा माणूस बुडालेले पैसे वाचवायला बोली वाढवतो, पहिलाही वाढवतो, आणि एका डॉलरसाठी दोघं एका डॉलरहून जास्त मोजायला तयार होतात. तो माणसाच्या मनाचा दोष दाखवणारा खेळ होता. त्याचा धंदा पुढे लोकांनी केला. म्युनिकमध्ये 2005 साली टेलिबिड नावाने सुरू झालेलं आणि पुढे स्वूपो म्हणून गाजलेलं संकेतस्थळ 2011 साली दिवाळखोरीत बंद पडलं. नेड ऑगेनब्लिक यांनी अशा 1 लाख 66 हजार लिलावांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध केला, त्यात चालवणाऱ्यांच्या नफ्याचं प्रमाण सरासरी 50 टक्क्यांच्या वर निघालं. आणि गेलेला पैसा वसूल करायच्या ओढीने माणूस पुढे पुढे जातो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. "आता सोडलं तर समदं पाण्यात जाईल की," हे माझ्या भाच्याचं वाक्य त्या सगळ्या आकड्यांत आहे.

गलाईवाल्याला हे कळायला अभ्यास लागत नाही. टंच, म्हणजे शुद्धता, कमी निघालेल्या दागिन्यावर कितीही कोळसा जाळला तरी त्यातलं सोनं वाढत नाही. हे भाच्याला माहीत होतं, रोज हाताने करत होता. पण भट्टीवर पंधरा सेकंदांचं घड्याळ लावलेलं नसतं.

वक्त्यांशी माझा एक वाद जुना आहे, त्यांना आठवत असेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सराफ्यात लकी ड्रॉच्या स्कीम निघाल्या होत्या. महिन्याला हप्ता भरा, चिठ्ठीत नाव निघालं की पुढचे हप्ते माफ आणि दागिना घरी. तेव्हाही ते म्हणाले होते, यात कुणाचं काय बिघडतं? शेवटी सगळ्यांना दागिना मिळतोच. मी तेव्हा 1978च्या कायद्याकडे बोट दाखवलं होतं. बक्षिसाच्या चिठ्ठ्यांवर बंदी घालणाऱ्या त्या कायद्यात, न जिंकलेल्यांना पैसे परत दिले जात असले तरी ती योजना बेकायदाच ठरते. ते त्या वेळी गप्प झाले, पण पटलं नाही म्हणाले. आज मी त्यांना विचारतो: ज्या योजनेत हरणाऱ्याला काहीतरी परत मिळत होतं, ती सरकारने 1978 साली मोडीत काढली. मग जिथे हरणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही, ती तुम्हाला चालते कशी?

बाकीचे मुद्दे. अटींत लिहिलेलं असतं: असतं, पण एका बोलीची खरी किंमत एवढी, आणि वस्तूवर आजवर एवढे जमा झाले, हे पडद्यावर लिहिलेलं नसतं. काही जण जिंकतात: मटक्यातही कुणाचा तरी आकडा लागतो. करमणूक: सिनेमाचं तिकीट काढलेल्या सगळ्यांना सिनेमा दिसतो. काही ठिकाणी हरलेल्याला बोलींचे पैसे वजा करून तीच वस्तू ठरलेल्या किमतीत घेता येते, हे मात्र मी मान्य करतो, ते बरं आहे, भाच्याला ती सोयही नव्हती.

आणि हावरा हा शब्द. भाच्याने ते पैसे माझ्या गल्ल्यातून उचलले होते. पाचव्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, आणि महिना सहाशेप्रमाणे आठ महिने पगारातून कापून घेतले. मी नको म्हणत होतो. ते नाणं त्याला बहिणीच्या लग्नात द्यायचं होतं. बाजारात पाच रुपये घासाघीस करणाऱ्या बाईला आपण चतुर म्हणतो, सेलच्या रांगेत पहाटे उभ्या राहणाऱ्याला हौशी म्हणतो. फसलेल्या पोराला मात्र हावरा. स्वस्तात वस्तू मिळावी असं वाटणं हा गुन्हा असेल, तर हा अख्खा सराफा, आणि भाषण ऐकायला बसलेली ती सगळी सभा, गुन्हेगार आहे.

मग काय हवं? माझं मागणं फार मोठं नाही. या प्रकाराच्या नावातून लिलाव हा शब्द काढा. चालवायचाच असेल तर प्रत्येक वस्तूखाली आतापर्यंत जमा झालेले एकूण रुपये मोठ्या अक्षरांत दाखवा. हरणाऱ्याच्या बोलींचे पैसे परत द्या, नाहीतर त्याच वस्तूच्या किमतीत पुरते वजा करा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या रचनांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या तेरा प्रकारांत खोटी घाई हा एक आहे. दर बोलीला मागे सरकणारं घड्याळ हा माझ्या मते त्याचाच नमुना. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जिंकायच्या आशेने पैसे भरायचे हे त्यातलं वर्णन इथेही लागू व्हायला हवं, असं मला वाटतं. ज्यांचे पैसे आज जात असतील त्यांनी ग्राहकांच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, फसवणूक वाटत असेल तर 1930वर. भाच्यासाठी तेव्हा हे क्रमांक मला ठाऊक नव्हते.

वक्त्यांना माझं आमंत्रण आहे. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या दुकानी माती निघते. चार झारेकरी येतील, पोतं एकाला जाईल. बाकीच्या तिघांना, चहा पिऊन ते उठायच्या आत, त्यांनी विचारावं, तुमचे किती गेले म्हणून.