पेशी तीच, हवा वेगळी

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. तरीही एका प्रयोगाने मला विचारात पाडले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून चरबीच्या पेशी तयार केल्या. पण नेहमीच्या ३७ अंशांऐवजी ३२ अंशांवर. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गारव्यात वाढलेल्या पेशींत उष्णता निर्माण करणारे यूसीपी-१ हे प्रथिन वाढले होते. पांढरी चरबी साठवते, तपकिरी जाळते. या पेशी तपकिरीकडे झुकल्या. तेही मेंदूचा हुकूम नसताना!

आता 'थंड पाण्याने आंघोळ करा, बारीक व्हा' असे सांगणारे निघतील. पण बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे.

मला मात्र दुसरेच आठवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. "शिक्षण तुमच्या रक्तातच नाही," हे मी ऐकले आहे. पेशीचा नियम माणसाला लावणे शास्त्र नव्हे, हे मीही जाणतो. पण पाच अंशांच्या फरकाने पेशीसुद्धा वेगळी घडते, तर माणसाचा निकाल रक्तावरून लावण्याची घाई कशाला? तो कोणत्या हवेत वाढला, हे आधी विचारा!

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला