विषाच्या बाटलीतून निघालेली गोष्ट

रहस्यकथा वाचून संपली, खुनी कोण ते कळले, की वाचकाच्या मनात हमखास प्रश्न येतो : लेखकाला हे सुचते तरी कुठून? ओसाड वाडे, अंधाऱ्या गल्ल्या, गुन्हेगारांच्या गाठीभेटी, असे काहीतरी असावे, हा पुष्कळांचा समज. पण रहस्यकथांची सम्राज्ञी अगाथा ख्रिस्ती यांच्या बाबतीत उत्तर अगदी साधे आहे. त्यांना पहिली गोष्ट सुचली ती नोकरीच्या जागी, रिकाम्या वेळात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अगाथाबाई इंग्लंडमधल्या टॉर्की या आपल्या गावी रुग्णालयात आधी शुश्रूषेचे आणि मग औषधालयात काम करीत. कधी कामाचा ढीग पडे, तर कधी दुपारभर काहीच नसे. चारी बाजूंना कपाटे आणि कपाटांत विषाच्या बाटल्या. ‘रहस्यकथा लिहिणे तुला जमायचे नाही,’ असे थोरल्या बहिणीने पूर्वी म्हटले होते. ते मनात होतेच. मग विष समोर आहे तर खूनही विषानेच व्हावा, असे त्यांनी ठरवले. गुप्तहेरही गावातच सापडला. युद्धामुळे बेल्जियममधून परागंदा झालेली माणसे तिथे आश्रयाला आली होती. त्यांच्याकडे पाहून हर्क्युल प्वारो जन्माला आला. १९२० मध्ये त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातली विषाची माहिती इतकी बिनचूक होती, की औषधव्यवसायाच्या नियतकालिकानेही तिचे कौतुक केले.

औषधे बनवण्याचे शिक्षण घेण्यासाठी त्या गावातल्या एका नामांकित औषधविक्रेत्याकडे जात. एकदा औषधाच्या कांड्या करताना या गृहस्थाने हिशेबात दशांशचिन्ह चुकवले आणि औषध दसपट पडले. अगाथाबाईंच्या ते लक्षात आले. पण शिकाऊ मुलीने गुरूची चूक दाखवायची कशी? आणि गप्प बसावे, तर रोग्याच्या जिवाशी खेळ! त्यांनी ठेच लागल्याचे सोंग केले, कांड्या जमिनीवर पाडल्या आणि पायाखाली चिरडून टाकल्या.

याच गृहस्थाने एके दिवशी खिशातून एक काळपट गोळा काढून दाखवला. ते ‘कुरारे’ नावाचे जहाल विष होते. ते जवळ असले की अंगी सामर्थ्य आल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे! गोबऱ्या, हसतमुख चेहऱ्याचा हा माणूस अगाथाबाईंच्या मनात चाळीसहून अधिक वर्षे ठाण मांडून बसला. १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीच्या वेळी त्याची आठवण कामी आली.

या कादंबरीत थॅलियमचा विषप्रयोग आहे. माणूस अशक्त होत जातो, केस गळू लागतात आणि सगळ्यांना वाटते, हा कसलासा आजार आहे. १९७७ मध्ये कतारहून एका एकोणीस महिन्यांच्या मुलीला लंडनच्या रुग्णालयात आणले होते. पोर हातची चालली होती आणि डॉक्टरांना निदान होत नव्हते. त्याच कक्षातली एक परिचारिका नेमकी ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली. घरात झुरळे-उंदीर मारण्यासाठी वापरलेले औषध मुलीच्या पोटात गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. योग्य उपचार झाले आणि मूल वाचले. अगाथाबाई त्याआधी वर्षभर, १९७६ मध्ये, निवर्तल्या होत्या.

औषधालयातली ती कपाटे इतरांनाही रोज दिसत होती. अगाथाबाईंनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या, दशांशचिन्ह कुठे पडले ते पाहिले आणि खिशात विष बाळगणारा माणूस विसरल्या नाहीत. त्यांच्या गोष्टींचे भांडवल एवढेच. त्यातली एक गोष्ट तर एका तान्ह्या मुलीचा जीव वाचवण्याच्याही उपयोगी पडली.