छडी गेली, आतां वर्ग आवरावा कसा ?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सन २००९ मध्यें झाला व ता. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. हें उत्तम झालें. पण आमचे कांहीं शिक्षकबंधू अजून विचारतात कीं, छडी काढून घेतली, आतां वर्ग आवरावा कसा ? प्रश्न प्रामाणिक आहे. त्यास उत्तर दिलें पाहिजे.

आमच्या मतें वर्गांतली खोडी ही पुष्कळदां मुलाची तक्रार असते. बीडकडील ऊसतोड मजुराचें मूल घ्या. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघतात. मागें सांभाळणारें कोणी नसलें म्हणजे मूलही बरोबर जातें, तें उन्हाळ्यांत परत येतें. जूनमध्यें तें वरच्या वर्गांत बसतें. वर्ग भागाकार करतो. याची हातच्याची वजाबाकीही राहिलेली! अशा मुलास सर्वांदेखत फळ्यापुढें उभें केलें, तर तें शेजाऱ्यास चिमटा काढील नाहीं तर काय करील ? 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षां 'वांड' म्हणवून घेणें त्यास सोपें वाटतें. माराने त्याची वजाबाकी सुधारत नाहीं. शाळा मात्र सुटते, आणि मग हातांत कोयता येण्यास उशीर लागत नाहीं.

मग करावें काय ? प्रथम त्यास जमेल असें उदाहरण घालावें. वह्या वांटण्यासारखें एखादें काम त्याजकडे सोंपवावें. चूक सांगणें ती एकीकडे घेऊन, हळू आवाजांत सांगावी. वर्गाचे नियम तीनचारच असावेत, ते मुलांस विचारून ठरवावेत, व पाटलाच्या पोरास आणि मजुराच्या पोरास सारखेच लावावेत. लाड करा असें आमचें म्हणणें नाहीं. दुसऱ्याची वही फाडली, तर ती त्यानेंच चिकटवून दिली पाहिजे.

सन १८८२ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें मागणी केली होती कीं, शेतकरी वर्गांतून, त्या लोकांत मिळून मिसळून राहतील असे शिक्षक तयार करावेत. तीमागील मर्म आजही खरें आहे. ज्यास मुलाचें घर ठाऊक, त्यास खोडीचें मूळ लवकर सांपडतें. तेव्हां शिक्षकबंधूंनो, वर्गांतल्या सर्वांत वांड मुलाच्या घरीं या आठवड्यांत एकदां जाऊन या. तक्रार घेऊन नव्हे, चौकशी करावयास.